गुलबक्षीच्या तीन पिढ्या: परसातल्या नोंदी

११ जून २०२३, रविवार

नववीला विज्ञान शिकवते, त्यामुळे आनुवंशिकतेच्या धड्यातला मेंडेलचा वाटाणा दर वर्षी फळ्यावर काढावा लागतो. चौकोन आखायचा, अक्षरं भरायची, उत्तर ३:१, पुढचा धडा. गेल्या वर्षी मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, तुम्ही कधी लावून बघितलंय?" नव्हतं. बावीस वर्षं शिकवतेय आणि एकदाही नाही. त्या दिवशी काहीतरी बोलून वेळ मारून नेली, पण प्रश्न डोक्यातून जाईना.

वाटाणा मात्र नको. साताऱ्यात तो थंडीतच बरा येतो, आणि त्याचं फूल कळीतच स्वतःचा कारभार उरकून घेतं. परसात फुकट उगवणारी गुलबक्षी बरी. फूल मोठं, नळी लांब, चष्मा लावून काम जमेल. शिवाय हिच्यात लाल आणि पांढऱ्याच्या संकरातून मधला रंग येतो, म्हणजे कोणत्या झाडात काय आहे ते फुलावरूनच कळतं, असं पुस्तक म्हणतं. (हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे याच वाक्याने माझा घात केला.) १९०० साली मेंडेलचे नियम पुन्हा उजेडात आणणाऱ्या तिघांपैकी कार्ल कॉरेन्सने याच झाडावर काम केलं. खुद्द मेंडेलनेही गुलबक्षी हाताळली होती. एका बीसाठी एक परागकण पुरतो का, हे तो तिच्यावर तपासत होता आणि १८७० च्या पत्रात त्याने ते कळवलंय.

साहित्य:
लाल झाड: आईंनी (सासूबाई) माहेरून आणलेला कंद, परसात वीसेक वर्षं आहे.
पांढरं झाड, पां-१: शेजारच्या वाड्यातलं.
पांढरं झाड, पां-२: संगम माहुलीला देवळामागे उगवलेलं, कंदासकट उचलून आणलं.
भुवयांचा चिमटा, दहापटीचं भिंग (₹२४०), ४० ग्रो बॅगा (₹६००), कोकोपीटच्या दोन विटा (₹३६०). फुलांना बांधायला जाळीच्या पिशव्या हव्या होत्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण दिलेल्या पिशव्या कपाटात पडून होत्या, त्या ३५ निघाल्या.

मुलांकडून करून घेणार असाल तर आधीच सांगते: बी विषारी असतं. दिसतं हुबेहूब मिऱ्यासारखं, त्यामुळे घरात उघडं ठेवू नका.

२२ जून

कंद तर लावलेच, पण जास्तीची झाडं हवीत म्हणून तिन्ही झाडांखालचं गेल्या वर्षीचं बी वेचून रात्रभर भिजवून १२ तारखेला पेरलं होतं. सहाव्या दिवसापासून कोंब वर. परवा रात्री पाऊस झाला आणि काल सकाळी १७ रोपांचे नुसते दांडे उभे. चंदेरी रेघा बघून कळलं, गोगलगायी. मिठाची रेघ मारली ती पुढच्या सरीत वाहून गेली. मग गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून रात्री वाफ्याजवळ टाकलं. सकाळी उलटून बघितलं तर खाली अकरा जणी गोळा झालेल्या. आता रोज रात्री हाच उद्योग.

उरलेली रोपं उपटून टाकली. उघड्यावर गळलेल्या त्या बियांचा बाप कोण हे मला कुठे ठाऊक होतं? पेरायच्या आधी सुचायला हवं होतं. दहा दिवस आणि एक कोकोपीटची वीट वाया. फक्त तीन कंदांवर काम करायचं ठरवलं.

६ ऑगस्ट, रविवार

तिन्ही झाडं फुलली. आज फुलं तोडून चिरून बघितली. आपण ज्याला पाकळ्या म्हणतो तो एकच सलग कर्णा आहे, वेगळ्या पाकळ्या नाहीतच. आत पाच पुंकेसर आणि एक स्त्रीकेसर, त्याच्या टोकाला टाचणीच्या डोक्यासारखी गाठ. तळाशी हिरवा गोळा, त्यात एकच बी. पुन्हा लिहिते, कारण माझा सगळा हिशोब यामुळे बदलला: एका फुलाला एकच बी. वाटाण्याच्या शेंगेसारखं एका फटक्यात सहा-सात दाणे नाहीत.

परागकण एवढे मोठे की भिंगाखाली रव्यासारखे सुटे सुटे दिसतात.

१३ ऑगस्ट, रविवार

पहिले संकर. पद्धत: लाल झाडावरचं फूल आई म्हणून घ्यायचं, त्याचे पाचही पुंकेसर चिमट्याने काढायचे, पांढऱ्या फुलाचा पुंकेसर आणून गाठीवर टेकवायचा, पिशवी बांधायची. दुपारी चारला बसले. दोन तासांत २४ फुलं. पाठीचा काटा ढिला झाला.

आणखी दहा फुलांचे पुंकेसर काढून, त्यांना पराग न लावता नुसत्या पिशव्या बांधल्या. ही ताळ्याची फुलं. माझा हात स्वच्छ असेल तर या दहांत एकही बी धरायला नको.

२१ ऑगस्ट, नागपंचमी

शाळेतून साडेपाचला आले तर परसात गल्लीतल्या सहा-सात मुली. गुलबक्षीची बिनदोऱ्याची वेणी चालली होती, नळीत नळी गुंफून. मीही लहानपणी अशाच केल्यात. एकीच्या वेणीत माझी जाळीची पिशवी लोंबत होती.

फुलं शेंड्याला झुपक्याने येतात, त्यामुळे मुलींनी फुलं न तोडता शेंडेच खुडले. २४ पैकी ९ संकर शिल्लक. आईंना विचारलं तर म्हणाल्या, "अगं, मला वाटलं तू लसूणबिसूण वाळत घातलायस पिशव्यांतनं." चूक माझीच, घरात कोणाला काही सांगितलंच नव्हतं. मुलींना पुढच्या भिंतीकडची जंगली झाडं दाखवून दिली, तिथे हव्या तेवढ्या वेण्या करा.

३ सप्टेंबर

ताळ्याच्या दहांपैकी आठ फुलं वाचली होती. त्यातल्या तिघांत टपोरं हिरवं बी दिसतंय.

म्हणजे माझे संकर संकर नाहीतच, निदान सगळे नाहीत. चार वाजेपर्यंत फुलं उमलू लागतात, आणि पुंकेसर काढताना चिमट्याच्या धक्क्याने फुटलेल्या परागकोशातले कण गाठीवर पडत असणार. उरलेल्या नऊ बिया टाकून दिल्या. ती ताळ्याची फुलं ठेवली नसती तर या बिया पेरून सहा महिन्यांनी डोकं धरून बसले असते. जो कोणी हे करणार असेल त्याने बाकी काहीही वगळावं, ही दहा फुलं वगळू नयेत.

उपाय एकच: कळी फुगलेली पण मिटलेली असताना, अडीचच्या सुमाराला, नळी उभी चिरून पुंकेसर काढायचे. अडीचला मी आठवी ब मध्ये असते.

१० सप्टेंबर

आईंना विचारलं. वय ७४, मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झालेली, आता सुईत दोरा माझ्याआधी ओवतात. रविवारी शेजारी बसवून दाखवलं. दुसऱ्याच फुलाला चिमटा बाजूला ठेवून त्यांनी अंगठ्याच्या नखाने नळी चिरली, पाची पुंकेसर एकत्र चिमटीत धरून ओढले. माझ्यापेक्षा दुप्पट वेग. आता वाटणी अशी: अडीचला आई पुंकेसर काढून पिशवी बांधतात, सहाला मी येऊन पराग लावते.

नवी ताळ्याची फुलं दहा, सगळी आईंच्या हातची.

१ ऑक्टोबर

दहांपैकी शून्य. आईंना सांगितलं तर, "मग काय, भाजी निवडण्यात जन्म गेला."

गणपतीचे दिवस धरून एकूण ५८ फुलांवर संकर झाले, बी धरलं ३१ फुलांनी. पाऊस पडला त्या संध्याकाळचे जवळजवळ सगळे फुकट गेले, ओला पराग गोळा होऊन बसतो.

शिवाय लाल झाडाच्या वीसेक कळ्यांवर नुसत्या पिशव्या बांधल्या. लाल शुद्ध आहे का हे आधी बघायला हवं. इथे हाताने काही करावं लागत नाही. पहाटे टॉर्च घेऊन बघितलं: फूल मिटताना स्त्रीकेसर आणि पुंकेसर एकमेकांत गुंडाळत आत येतात आणि गाठ आपोआप परागात लडबडते. रात्री पाहुणा पतंग आला तर ठीक, नाही आला तर सकाळी घरचं घरी.

८ ऑक्टोबर

बी काळं झालं की हिरव्या वाटीत नुसतं टेकून बसलेलं असतं, वाऱ्यानेही पडतं. पिशव्या तशाच ठेवल्या म्हणून सापडलं.

आजची चूक मोठी. झाडावर आइस्क्रीमच्या काड्या बांधून त्यावर 'पक्क्या' शाईच्या मार्करने लिहिलं होतं. पक्की शाई महिनाभराच्या पावसात पार पुसली. ३१ पैकी ११ बियांचा बाप पां-१ की पां-२, सांगता येत नाही. दोघांचं बी वेगळं ठेवायची गरज काय, पांढरा तो पांढरा, असंही क्षणभर वाटलं. नशीब, शिस्त म्हणून त्या ११ बाजूला काढल्या. उरल्या पां-१ च्या ८ आणि पां-२ च्या १२.

यापुढे जुन्या दह्याच्या डब्यांच्या पट्ट्या कापून त्यावर शिसपेन्सिल. ती पाण्याने जात नाही, उन्हाने उडत नाही.

आणि खरं सांगायचं तर ५८ फुलांची गरजच नव्हती. पहिल्या पिढीची सगळी झाडं सारखीच निघणार, प्रत्येक पांढऱ्याच्या पाच बिया पुरल्या असत्या. पुढची मोठी संख्या त्या झाडांच्या आपोआप धरणाऱ्या बियांतून येते. महिनाभर आईंना अडीचला उन्हात बसवलं ते निम्म्याहून जास्त उगाच.

१६ ऑक्टोबर

पेरणी. लाल × पां-१ च्या ८, लाल × पां-२ च्या १२, लालच्या स्वतःच्या १६.

२८ जानेवारी २०२४

थंडीत झाडं मुंगीच्या पावलाने वाढली. पावसाळ्यात आठ आठवड्यांत फुलणारी गुलबक्षी यंदा चौदा आठवड्यांनी फुलली. घाई असेल त्यांनी ऑक्टोबरात पेरू नये.

लालची स्वतःची १४ झाडं आली, चौदाही लाल. आईंच्या माहेरचा लाल शुद्ध.

लाल × पां-२ ची १० झाडं, दहाही एका रंगाची, पण तो रंग गुलाबी नव्हे. पुस्तकात लाल आणि पांढरा यांच्यामध्ये फिकट गुलाबी छापतात, बाळाच्या टोपड्यासारखा. हा चक्क राणी रंग आहे, पैठणीच्या काठाचा. गुलबक्षीतला रंग बिटाच्या कुळातला आहे: एक जांभळट द्रव्य, एक पिवळं द्रव्य, दोन्ही भरपूर मिळून लाल दिसतो. बोगनवेल हिची सख्खी भाऊबंद, तिच्यातही हीच द्रव्यं. द्रव्य निम्म्याने कमी झालं की लाल पातळ होऊन गुलाबी होईल असं आपण धरतो, इथे पिवळं द्रव्य जास्त घटतं आणि राणी रंग उघडा होतो, असं मला दिसतंय.

लाल × पां-१ ची ६ झाडं. तीही राणी, पण जरा उतरलेली, धुऊन धुऊन विटलेल्या साडीसारखी. ही बॅगांची रांग भिंतीच्या सावलीत आहे, उन्हाचा फरक असेल.

(नंतरची भर: उन्हाचा फरक नव्हता. सगळं उत्तर इथेच समोर उभं होतं आणि मी 'असेल' लिहून मोकळी झाले.)

प्रत्येक गटातल्या चार झाडांवर पिशव्या बांधल्या. यंदाच्या संक्रांतीला वाण मुद्दाम जाळीच्या पिशव्यांतूनच लुटलं आणि शंभराची थप्पी जास्तीची आणली, ₹१८०.

३ मार्च

दुसऱ्या पिढीची पेरणी. पां-२ कडच्या ६० बिया, पां-१ कडच्या ४०. बॅगा पुरेनात, म्हणून परसातली तुळशीमागची सगळी पट्टी खणून वाफे केले. नळाला दिवसाआड पाणी, भांडी विसळलेलं सगळं पाणी इकडे. नवऱ्याची स्कूटर आता रस्त्यावर उभी राहते, त्यावरून दोन दिवस घरात शांतता होती.

१९ मे, रविवार

पां-२ च्या वाफ्यात पहिली बारा झाडं फुलली: लाल ५, राणी ६, पांढरं १. म्हणजे ५:६:१.

अपेक्षा पाव लाल, अर्धी राणी, पाव पांढरी, म्हणजे ३:६:३ ची. मधला आकडा जुळतोय पण दोन्ही टोकं फसलीत. संध्याकाळभर शोधत बसले: पांढरी रोपं कमजोर असून मेली का, पिशवीत काही शिरलं का. शेवटी रुपयाचं नाणं काढून मुलीला बारा-बारा वेळा उडवायला सांगितलं. एकदा छापा तीनदाच आला, एकदा नऊदा. बारा झाडांवर प्रमाण मोजणं म्हणजे शितावरून भात नव्हे, शितावरून शेत. थांबायचं ठरवलं.

२६ मे, रविवार

पां-१ च्या वाफ्यात पिवळं फूल.

नीट लिहिते. आजी लाल, आजोबा पांढरा, पहिल्या पिढीतली सगळी झाडं राणी, आणि नातवंडांत हळदीसारखं पिवळं. आधी वाटलं बी मिसळलं. पण पट्टीवर पेन्सिलने स्वच्छ 'लाल × पां-१, झाड ३' लिहिलेलं. दोन दिवसांनी दुसरं पिवळं, फिकट, लोण्याच्या रंगाचं. मग एक केशरट लाल.

आई चहाचा कप घेऊन बघायला आल्या. "लाल-पांढऱ्याच्या घरात हे पिवळं कुठनं आलं?" मी म्हटलं, बघतेय. त्या तिथेच उभ्या राहिल्या. माझी मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात पाळण्यापाशी उभं राहून त्यांनी हेच विचारलं होतं, "कोणावर गेली ही? आमच्यात तर कोणी सावळं नाही." सोळा वर्षं झाली. माणसाच्या कातडीचा रंग एकदोन जनुकांवर ठरत नाही, बऱ्याच जनुकांची बेरीज असते ती, गुलबक्षीशी त्याची तुलना होत नाही, हे मी वर्गात शिकवते. घरात कधी बोलले नव्हते. आजही नाही बोलले. त्या म्हणाल्या, "पांढऱ्यातच दडलं असेल," आणि कप विसळायला गेल्या.

पांढऱ्यातच दडलं असेल. रात्री वहीत तेच मांडून बघितलं.

२ जून

मांडणी जमली. शक्य तितकं साध्या भाषेत लिहिते.

रंग दोन जागांवर ठरतो असं धरा. पहिली जागा म्हणजे नळ. आईकडून एक नळ, बापाकडून एक. दोन्ही चालू तर रंग भरपूर, एक चालू तर निम्मा, दोन्ही बंद तर फूल पांढरं. दुसरी जागा त्या नळातून येणाऱ्या पिवळ्याला जांभळट करणारी. तिच्याही दोन प्रती. दोन्ही चांगल्या तर पूर्ण काम, एक तर अर्धवट, एकही नाही तर पिवळं ते पिवळंच.

आता पांढऱ्या फुलाकडे बघा. नळ बंद. मग त्या झाडात जांभळी करणारी प्रत आहे की नाही, हे दिसणार कसं? दिसणारच नाही. पाणीच येत नाही त्या घरात गाळणी कुठली हे बाहेरून कळत नाही. पां-२ मध्ये दोन्ही प्रती चांगल्या होत्या, म्हणून तिच्या वंशात लाल, राणी, पांढरा एवढंच निघालं. पां-१ मध्ये दोन्ही प्रती बिघडलेल्या. म्हणून पहिल्या पिढीत निम्मा नळ आणि निम्मी प्रत, म्हणजे विटका राणी. म्हणून दुसऱ्या पिढीत हा रंगांचा बाजार.

आणि मी ११ जूनला लिहिलं होतं, 'कोणत्या झाडात काय आहे ते फुलावरूनच कळतं.' लालात कळतं, राणीत कळतं. नेमकं पांढऱ्यात कळत नाही.

लेबलं पुसलेल्या त्या ११ बिया मिसळल्या असत्या तर यातलं काहीच सुटलं नसतं.

१६ जून

शेवटची मोजणी.

पां-२ गट: ६० पेरल्या, ५१ उगवल्या, ४४ फुलल्या. लाल १३, राणी २०, पांढरी ११. अपेक्षा ११:२२:११. नाण्याच्या खेळानंतर मला हे पुरेसं आहे.

पां-१ गट: ४० पेरल्या, ३३ उगवल्या, २७ फुलल्या. लाल आणि केशरट मिळून ४, राणीच्या छटा १२, पिवळ्या छटा ४, पांढरी ७. माझ्या मांडणीप्रमाणे सोळात ३:६:३:४ हवं, म्हणजे २७ त साधारण ५:१०:५:७. छटा अजून सुट्या करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. गडद राणी आणि विटका राणी यात मी, आई आणि मुलगी यांचं तीन वेळा तीन प्रकारे भांडण झालं. सकाळी मोजलं तर वेगळं, संध्याकाळी वेगळं. मोजायचं तर रोज सहालाच, उमलल्या उमलल्या.

राणीच्या एका झाडावर निम्मं फूल राणी, निम्मं पिवळं, वर शिंतोडे. असे शिंतोडे गुलबक्षीत नेहमी दिसतात, फूल वाढत असतानाच पेशीतली रंगाची सूचना मध्येच बदलते त्यामुळे. दिसायला छान, पण असं झाड संकराला घेऊ नये, मोजणीतही कुठे धरायचं हा वाद. मी बहुसंख्य फुलांच्या रंगात धरलं.

२३ जून

मांडणी कागदावर जुळली म्हणजे खरी असं नाही. आकडे बघून मागाहून गोष्ट रचायला मलाही येते. म्हणून आधी भाकीत लिहून ठेवते, मग करते.

हळदी पिवळ्या झाडाचा संकर दोन्ही जुन्या पांढऱ्या कंदांशी. पिवळ्याचे दोन्ही नळ चालू, जांभळी करणारी प्रत एकही नाही.
पां-१ शी: मुलं फिकट पिवळी येतील.
पां-२ शी: मुलं राणी येतील. पिवळा आणि पांढरा एकत्र करून राणी रंग. रंगाच्या पेटीत हे शक्य नाही.

हा कागद आईंच्या पोथीत ठेवला, म्हणजे मला मागाहून खाडाखोड करता येणार नाही.

पुंकेसर काढणं आईंकडेच. या वेळी शहाणपणाने फक्त १२-१२ फुलं.

२१ जुलै

पां-१ कडून ६ बिया, पां-२ कडून ७. लगेच पेरल्या. पाऊस चांगला आहे, गोगलगायीही चांगल्या आहेत. गूळ ₹६० किलो.

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

पां-१ × पिवळं: ५ झाडं फुलली, पाचही फिकट पिवळी.

पां-२ × पिवळं: पहिली कळी काल संध्याकाळी फुगलेली होती, मिटलेल्या कळीचं टोकही गडद दिसत होतं, पण अंधारात काय सांगावं. आज साडेचारपासून स्टूल घेऊन बसले. शाळेतली तिघं मुलंही आली होती, मागच्या बाकावरचा तोही, आता अकरावीला आहे. पाचला टोक सैल झालं, कर्णा फिरत फिरत सुटला. राणी. जरा विटका, जानेवारीत सावलीच्या नावावर ढकलला होता नेमका तो.

मुलगा म्हणाला, "बाई, पण हे पिवळ्या-पांढऱ्याचं आहे ना?" आईंनी पोथीतला कागद आणून त्याच्या हातात दिला.

आजवरचा खर्च ₹१,९३०, त्यात गूळ धरलेला नाही. पंधरा महिने, त्यातले चार थेट चुकांत गेले.

शिल्लक बी: लाल ४०, पां-२ कडचं राणी ६५, हळदी पिवळं २२. सगळं पेन्सिलने लिहिलेल्या पाकिटांत. पुढच्या जूनला चट्ट्यापट्ट्याच्या पानांची गुलबक्षी मिळवायची आहे. त्या पानांचा हिरवा-पांढरा रंग फक्त आईकडून उतरतो, बापाचा त्यात काही हात नसतो, हे कॉरेन्सने १९०९ साली दाखवलं होतं. आईंना हे सांगितलं तेव्हा त्या फिकट पिवळ्या झाडापाशी पिशवी बांधत होत्या. कशाला, विचारलं तर म्हणाल्या, "ह्याच्या पोटात काय आहे ते बघू दे मला."